भोकं दर वेळी जास्त खोल का जातात? सेकंडहँड डेस्कटॉप सीएनसीचा झेड खाली सरकण्याचा त्रास

सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञांवर कटर फिरवणारं मशीन. त्यावर चाळीस भोकांचा साधा जॉब. खोली २ मिमी. पहिलं भोक व्हर्निअरच्या शेपटीने मोजलं तर बरोबर २. विसावं २.२ च्या पुढे. चाळिसावं जवळजवळ २.५, आणि खाली लावलेल्या लाकडी पाटात कटरचा ठसा. झेड, म्हणजे कटर वरखाली करणारा अक्ष, खाली सरकतोय; आडवे एक्स आणि वाय मात्र शहाण्यासारखे जागच्या जागी. पुन्हा झीरो लावलं, पुन्हा चालवलं, पुन्हा तेच.

हा त्रास माझ्या मशीनने मला तीनदा दिला. दोनदा मी तो बरा केला म्हणून हात झटकले, आणि दोन्ही वेळा तो परत आला. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की परत आलेला तो नव्हताच. लक्षण एक, पण आजार दर वेळी निराळा. म्हणून इथे उपायांच्या आधी मोजमापाबद्दल लिहितोय. चूक किती होते, कधी होते आणि वाढत जाते की तेवढीच राहते, हे आधी कळलं तर अर्धा शोध तिथेच संपतो.

मशीन नेहमीचंच आहे. ३०१८ नावाने ओळखलं जाणारं, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, ३० बाय १८ सेंटिमीटरचा टेबल. तिन्ही अक्षांना नेमा १७ स्टेपर (ठरावीक पावलांनी, म्हणजे स्टेप्सनी फिरणाऱ्या मोटरी), अक्ष सरकवणारे टी८ लीड स्क्रू, कटर फिरवायला (म्हणजे स्पिंडल म्हणून) ७७५ ची ब्रशवाली डीसी मोटर, तिच्यावर कटर धरणारा ईआर११ कोलेट, स्टेपरना करंट देणारे ए४९८८ ड्रायव्हर आणि बोर्डावर मशीन चालवणारं सॉफ्टवेअर जीआरबीएल १.१. आधीच्या मालकाने बऱ्याच हौसेने त्यात हात घातलेला होता. काय काय केलंय हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. सेकंडहँड मशीनचं खरं दुखणं हेच असतं: कंपनीतून निघालेलं मशीन आणि तुमच्या टेबलावरचं मशीन यांच्यामध्ये एक अनोळखी माणूस येऊन गेलेला असतो.

सेटिंगला हात लावू नका, आधी ती उतरवून घ्या

पहिली चूक माझी. खोली चुकतेय म्हटल्यावर मी थेट $१०२ बदललं. हे झेडचं मिलिमीटरमागे किती स्टेप्स याचं सेटिंग. (टाइप करताना अर्थात रोजचे इंग्रजी अंकच.) ८०० होतं, ते मी खालीवर करत बसलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

स्टेप्सचा आकडा चुकीचा असेल तर चूक प्रमाणात येते. १० मिमी सांगितले आणि ९.९ गेला, तर २० सांगितल्यावर १९.८ जाणार. पण तो जेवढा कमी खाली जातो तेवढाच कमी वर येतो, त्यामुळे चाळिसाव्या भोकालाही चूक पहिल्याइतकीच असते. माझ्याकडे ती भोकागणिक साठत होती. साठणारी चूक $१०२ मुळे येत नाही, हे तेव्हा दोन मिनिटं शांत बसून विचार केला असता तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती.

तसा हा आकडा कागदावर पडताळायला सोपा आहे. १.८ अंशाच्या स्टेपरला एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप्स. ए४९८८ बहुतेक वेळा १/१६ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे सोळा भाग) लावलेला असतो, म्हणजे ३२००. त्याला लीडने भागायचं. लीड म्हणजे स्क्रू एक फेरा फिरला की नट किती सरकतो ते. इथे लोक पिच आणि लीड यांची गल्लत करतात. टी८ चा पिच २ मिमीच असतो, पण आटे एकेरी, दुहेरी किंवा चौपदरी असू शकतात; त्याप्रमाणे लीड २, ४ किंवा ८ मिमी. स्क्रूच्या टोकाकडे बघितलं की आट्यांची तोंडं मोजता येतात. माझ्याकडे दोन तोंडं, म्हणजे लीड ४, म्हणजे ३२०० भागिले ४, ८००. आकडा मुळात बरोबरच होता. कुणी स्क्रू बदलून ८ लीडचा बसवला असेल तर मात्र मशीन सगळं दुप्पट चालेल, आणि तिथे ४०० टाकायला हवं. ए४९८८ च्या जागी डीआरव्ही८८२५ आला असेल आणि तिन्ही जंपर लावलेले असतील, तर तो १/३२ वर चालतो. मग उलट निम्मं अंतर जातं.

तर पहिल्या दिवशी करायचं काम एवढंच: मशीन जोडा, $$ पाठवा, जी यादी येईल ती जशीच्या तशी फाइलमध्ये ठेवा. $आय ने आवृत्ती कळते, तीही लिहून ठेवा. मगच काय खाजवायचं ते खाजवा. फॅक्टरी रीसेटची कमांड यादी उतरवण्याआधी देऊ नका. जुन्या मालकाने खपून बसवलेले चांगले आकडेही तिच्यात जातात.

यादी वाचताना $३२ वर नजर टाका. माझ्याकडे ते १ होतं. आधीच्या माणसाने कधीतरी लेझर लावला असणार. लेझर मोडमध्ये जीआरबीएल प्रत्येक जी० (न कापता पूर्ण वेगाने सरकण्याच्या) हालचालीला आउटपुट बंद करतं. लेझरला ते हवंच असतं, पण स्पिंडलच्या बाबतीत प्रत्येक उचलीला मोटर बंद पडते आणि खाली उतरताना जेमतेम वेग घेत असते. कटर अर्धवट फिरत मालात घुसतो. आवाज ऐकून मला वाटत होतं की मोटरचे ब्रश संपलेत. ० केलं, आवाज गेला. खोलीचा प्रश्न मात्र तसाच.

जागा की वेळ?

मशीन उघडण्याआधी एक फुकटची चाचणी करून घ्या. तोच जॉब उलट्या क्रमाने चालवा, शेवटचं भोक आधी आणि पहिलं शेवटी.

खोल भोकं आधीच्याच कोपऱ्यात आली तर टेबल तिरका आहे, पाट वाकलाय किंवा जॉब त्या बाजूला नीट बसलेला नाही. पाटावरून कटरचा एक हात फिरवून तो सपाट करून घ्या, संपलं. खोल भोकं कोपरा बदलून पुन्हा शेवटीच आली तर चूक जागेची नाही, वेळेची आहे. काहीतरी हळूहळू सरकतंय. माझ्याकडे खोल कोपरा बदलला.

दुसरा गोंधळ बॅकलॅशचा, म्हणजे स्क्रू आणि त्यावरचा नट यांच्यातल्या ढिलाईचा. सेकंडहँड म्हटलं की सगळे आधी बॅकलॅशवर संशय घेतात. नट झिजलाय, प्ले आहे, नट बदला. बॅकलॅशने चूक होते हे खरं, पण ती दर वेळी तेवढीच. दिशा बदलली की ०.१ खातो, पुन्हा बदलली की परत तोच ०.१. बेरीज होत नाही. चाळीस भोकांत अर्धा मिलिमीटर साठला असेल तर नटाला बोल लावण्यात अर्थ नाही.

साठणारी, वेळेनुसार वाढणारी आणि नेहमी खालच्याच दिशेला जाणारी चूक. एवढं नक्की झाल्यावर संशयित तीनच उरले. ते मला एकेक करून भेटले.

पहिला: कटर कोलेटमधून बाहेर येतोय

कोलेटच्या नटाच्या तोंडापासून कटरच्या टोकापर्यंत व्हर्निअर लावून माप घ्या आणि लिहून ठेवा. शिवाय नटाच्या कडेला लागून कटरच्या दांड्यावर मार्करची बारीक रेघ. जॉब झाल्यावर पुन्हा बघा.

माझं माप २१.४ होतं, जॉबनंतर २१.९. मार्करची रेघ नटापासून अर्धा मिलिमीटर खाली येऊन लटकत होती. मशीन बिचारं बरोबर जागेवर जात-येत होतं, कटरच लांब होत होता. चिप्स वर फेकणाऱ्या कटरचे पीळ मालात स्क्रूसारखे घुसायला बघतात आणि स्वतःला खाली ओढतात. कोलेटची पकड कमी पडली की कटर सरकणारच.

पकड कमी का पडली? कोलेट चुकीचा बसवला होता म्हणून. ईआर कोलेट आधी नटात बसवायचा असतो. तिरका धरून दाबला की नटातल्या कडेखाली 'टक्' असा आवाज करून अडकतो. मग कटर घालायचा, मग नट शाफ्टवर चढवायचा. मी कोलेट शाफ्टच्या खोबणीत टाकून वरून नट आवळत होतो. तसं केलं की कोलेट सरळ दाबला जात नाही, कटर किंचित तिरका बसतो, पकड अर्धवट राहते, आणि नट काढताना कोलेट आतच रुतून बसतो. हे कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही, आणि जुन्या मशीनबरोबर सांगणारा येत नाही.

कोलेटच्या चिरांमधला चुरा दातांच्या जुन्या ब्रशने काढला, आतलं तेल पुसलं, कटरचा दांडा पुसला, दोन पान्हे लावून आवळला. तेल तिथे नकोच. ७७५ वर जो ईआर११ चा शाफ्ट चढवतात तो स्वतःच दोन ग्रब स्क्रूंवर (डोकं नसलेल्या बारीक स्क्रूंवर) उभा असतो. तेही बघून घ्या. तो शाफ्ट खाली घसरला तरी लक्षण हेच, पण मार्करची रेघ मात्र जागेवर दिसेल आणि तुम्ही चकाल. म्हणून आणखी एक रेघ मोटरच्या शाफ्टवर मारून ठेवा.

यानंतर आठवडाभर सगळं गुण्यागोविंदाने चाललं.

दुसरा: कपलरचा ग्रब स्क्रू

मग एका जॉबला झेड पुन्हा खाली गेला. कटरची रेघ जागेवर. या वेळी मार्कर घेऊन वरच्या कपलरकडे, म्हणजे मोटर आणि लीड स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याकडे गेलो. मोटरचा शाफ्ट, कपलर आणि लीड स्क्रू या तिघांवरून एकच उभी रेघ मारली. वीस मिनिटांनी बघितलं तर कपलर आणि स्क्रू यांची रेघ जुळत होती, मोटरच्या शाफ्टची बाजूला गेली होती. जेमतेम ५ मिमी व्यासाच्या वर्तुळावर दोन मिलिमीटरचा फरक, पण डोळ्याला स्वच्छ दिसतो. या चाचणीला मल्टिमीटर लागत नाही, डायल गेज लागत नाही, फक्त मार्कर. तिन्ही अक्षांवर पहिल्याच दिवशी रेघा मारून ठेवा, कायम राहू द्या.

कपलर सोडवला. मोटरच्या ५ मिमी शाफ्टला एका बाजूला सपाट केलेलं असतं, ग्रब स्क्रू त्या सपाट भागावर टेकायला हवा. माझा गोल बाजूला टेकला होता आणि शाफ्टवर चकचकीत रेघोट्या काढल्या होत्या. शिवाय कपलरच्या आत कुणीतरी ग्रीस भरून ठेवलेलं. हेतू चांगला असावा. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, ग्रब स्क्रू सपाट भागासमोर आणला, मध्यम ताकदीच्या, पुन्हा उघडता येणाऱ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब, आणि चांगल्या अ‍ॅलन कीने आवळला. कडा गोल झालेली अ‍ॅलन की फेकून द्या. स्क्रू आवळल्याचा भास होतो, प्रत्यक्षात कीच फिरत असते.

कपलर हातात आलाच होता म्हणून आणखी एक गोष्ट बघितली. हे अ‍ॅल्युमिनियमचे कपलर पीळदार चिरा पाडलेले असतात. म्हणजे ती स्प्रिंगच. माझ्या मशीनमध्ये झेडचा सगळा भार त्या स्प्रिंगला लटकलेला. स्पिंडलला डायल गेज लावून हाताने वर ढकललं तर काटा ०.१५ हलला. ही चूक साठत नाही, पण पातळ पत्र्यात किंवा सर्किट बोर्डाच्या खोदकामात पुरेशी नडते. शाफ्ट आणि स्क्रूची टोकं कपलरच्या आत एकमेकांना टेकतील अशी बसवली, वर दाबताना तरी स्प्रिंग दबायची थांबली. काही लोक दोन्ही टोकांमध्ये पोलादी गोळी ठेवतात. मला तिची गरज पडली नाही.

तिसरा: स्टेप चुकतायत

आता यायचं ते मुख्य प्रकरण. दोन महिने उत्तम गेले. मग एक जॉब आला ज्यात क्लॅम्प उंच होते, म्हणून सुरक्षित उंची (दोन भोकांच्या मधे कटर जितका वर उचलला जातो ती) ५ मिमीवरून २५ मिमी केली. पहिल्याच दिवशी झेड खाली. कटरची रेघ जागेवर, कपलरची रेघ जागेवर.

या वेळी आधी मोजलं. तोच प्रोग्रॅम तीनदा, दर वेळी शेवटी डायल गेजने झेड किती खाली गेला ते बघितलं. ०.४७, ०.३३, ०.५६. आकडे विस्कळीत वाटतात, पण ते ०.०८ च्या पाढ्यात बसतात: सहा, चार आणि सात पट, गेजच्या एका घराच्या फरकाने.

हा ०.०८ येतो मोटरच्या पोटातून. १.८ अंशाच्या हायब्रिड स्टेपरच्या रोटरला ५० दाते असतात. रोटर निसटला तर तो मधेच कुठे थांबत नाही, पुढच्या दात्यापर्यंत जाऊन बसतो, म्हणजे एकदम चार पूर्ण स्टेप्स. एका फेऱ्यात अशा ५० जागा. लीडला ५० ने भागा, तुमच्या मशीनचं एका निसटण्याचं माप मिळालं. ४ लीडला ०.०८, ८ लीडला ०.१६, २ लीडला ०.०४. मायक्रोस्टेप किती लावलेत याने यात फरक पडत नाही.

त्यामुळे चुकीचा आकडा या पाढ्यात बसत असेल तर मोटर स्टेप चुकवतेय. कसलाच पाढा लागत नसेल तर काहीतरी घसरतंय: कटर, कपलर, शाफ्ट. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात हातात ठेवण्यासारखा आकडा हाच. तो तपासायला ०.०१ चा डायल गेज लागतो. साध्या व्हर्निअरवर ०.०८ आणि ०.१ यातला फरक ओळखणं अवघड.

आता, नेहमी खालीच का? कारण वर जाताना स्पिंडलचं वजन मोटर उचलते, खाली येताना वजनच मदत करतं. चुकायची वेळ येते ती वर जाताना. सांगितले २५, गेला २४.९२, मग खाली आला पूर्ण २५. प्रत्येक चुकलेली उचल झेडला कायमची ०.०८ खाली ठेवते.

आणि २५ मिमीलाच का, ५ ला का नाही? याचं उत्तर सेटिंगच्या यादीत होतं. $११२, म्हणजे झेडचा कमाल वेग, आधीच्या मालकाने मिनिटाला २००० मिमी ठेवला होता. $१२२, प्रवेग, ५०. सेकंदाला ५० ने वेग वाढवणारा झेड ५ मिमीच्या उचलीत अर्ध्यात वेग घेतो, अर्ध्यात सोडतो. त्याला जेमतेम ९५० गाठता येतात. २००० ला पोचायला साधारण ११ मिमी आणि थांबायला तेवढेच लागतात. म्हणजे छोट्या उचलीत मोटर त्या वेगापर्यंत कधी पोचतच नव्हती. सेटिंग पहिल्यापासून चुकीचं होतं, दोन महिने झाकलं गेलं होतं एवढंच. ८०० स्टेप्सने २००० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २६,७०० पल्स, आणि जीआरबीएलची मर्यादा ३० हजारांच्या आसपास. एवढ्या वेगात स्टेपरचा जोर कमी झालेला असतो. सप्लाय १२ व्होल्टचा असेल तर आणखीच.

खात्री करायला कटर काढला, स्पिंडल बंद ठेवला, स्पिंडलच्या नाकाखाली डायल गेज उभा केला आणि पन्नास वेळा वरखाली केलं. जी९१ (आकडे आहे त्या जागेपासून मोजायचे), मग जी० झेड२५, जी० झेड-२०, आणि शेवटचे ५ मिमी जी१ ने (ठरवून दिलेल्या वेगाने) सावकाश, म्हणजे गेजवर धडक बसत नाही. पन्नास फेऱ्यांत ०.३२ खाली. वर जाणंही जी१ ने, एफ८०० वर (मिनिटाला ८०० मिमी) ठेवून केलं, शून्य. म्हणजे कापण्याच्या ताकदीशी संबंध नाही, हवेत रिकामा चालतानाही चुकतोय.

इथे लगेच वेग कमी करून मोकळं होता आलं असतं. पण ८०० वर चालणारा झेड २००० वर का दमतो, की तो ८०० वरही कसाबसाच चालतोय, हे बघायचं ठरवलं. पॉवर काढली आणि झेडचा स्क्रू बोटांनी वरपासून खालपर्यंत फिरवला. खाली लोण्यासारखा, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात जड. नट तिथे वाकडा ओढला जात होता. उपाय: नट धरणारे स्क्रू सैल करा, कॅरेज जिथे जड होतो त्या टोकाला न्या, तिथेच स्क्रू आवळा. नट आपली जागा आपणच शोधतो. दांड्यांवरचं जुनं ग्रीस आणि त्यात मुरलेला चुरा, दोघांनी मिळून पिवळी खळ झालेली. ती पुसून पातळ तेलाचा हात दिला. स्क्रू सारखा फिरायला लागला. पन्नास फेऱ्यांत आता ०.१६. निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं ड्रायव्हरमध्ये. ए४९८८ वर छोटा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) असतो, त्यावर मोटरला मिळणारा करंट ठरतो. बोर्डावरच्या सेन्स रेझिस्टरवर आर१०० लिहिलेलं असेल तर तो ०.१ ओहम, आणि व्हीरेफ (पॉटवर मोजायचं व्होल्टेज) म्हणजे करंट गुणिले ०.८. एक अँपिअरला ०.८ व्होल्ट. एक्स आणि वायला मला ०.७ मिळाले. झेडला ०.३८, म्हणजे अर्ध्या अँपिअरलाही कमी. मोटरवर १.३ लिहिलेलं. सगळ्यात जास्त ओझं वाहणाऱ्या अक्षाला सगळ्यात कमी खुराक! बहुधा झेडचा ड्रायव्हर कधीतरी जळला असावा आणि नवा लावताना पॉट आला तसाच ठेवला असावा.

मोजताना पॉवर चालू लागते, म्हणून सावध. मल्टिमीटरचा काळा लीड लॉजिकच्या ग्राउंडला, लाल पॉटच्या धातूला. लीड घसरून शेजारच्या पिनांना टेकला तर ड्रायव्हर गेला. पॉट फिरवायला प्लॅस्टिकचा पेचकस चांगला, पाव फेऱ्याच्याही आतच हलवायचं. आणि पॉवर चालू असताना मोटरचा कनेक्टर उपसायचा नाही; ए४९८८ मरण्याचं सगळ्यात प्रचलित कारण ते आहे. डीआरव्ही८८२५ असेल तर गणित वेगळं: तिथे ०.१ ओहमला करंट म्हणजे व्हीरेफच्या दुप्पट. शिवाय त्याचा पॉट ए४९८८ च्या विरुद्ध टोकाला असतो. पॉट बघून दिशा ठरवणारे तो उलटा घालतात आणि धूर काढतात. दिशा पिनांच्या नावांवरून ठरवायची.

झेड ०.७ वर आणला. ड्रायव्हरवर हीटसिंक होताच, छोटा पंखा त्याच्याकडे वळवला. पन्नास फेऱ्या, ०. पुन्हा पन्नास, ०. आता $११२ कमी करून ८०० केलं. मशीन २००० वरही चुकत नव्हतं, पण डेस्कटॉप मशीनवर झेडच्या उचलीत वाचणाऱ्या सेकंदांसाठी रोज काठावर चालायची मला हौस नाही.

यातलंच एक पिल्लू $१. मोटर थांबल्यावर किती मिलिसेकंदांनी सोडून द्यायची ते यात असतं, आणि मूळ आकडा २५. सोडली की रोटर मायक्रोस्टेपच्या मधल्या जागेवर टिकत नाही, जवळच्या पूर्ण स्टेपकडे सरकतो, आणि वर स्पिंडलचं वजन असतंच. कटर बदलायला थांबलात आणि परत आल्यावर झेड किंचित चुकीचा, असं होत असेल तर हे बघा. २५५ केलं की मोटर धरूनच राहते. गरम राहील, ते चालतं.

स्पिंडल चालू केला की कटकट

हा वेगळा आजार, पण याच मशीनवर हमखास भेटतो, म्हणून थोडक्यात. स्पिंडल चालू होताच यूएसबी तुटतो किंवा अलार्म १ येतो, म्हणजे लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणारा) दाबला गेल्याचा भास. कुणी स्विचला हात लावलेला नसतो. ७७५ चे ब्रश ठिणग्या टाकतात आणि तो विजेचा गोंगाट शेजारून जाणाऱ्या लिमिटच्या वायरींत शिरतो. प्रोसेसरच्या आतला पुल-अप (वायरीला वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर) इतका अशक्त असतो की लांब वायरीवर त्याचं कोणी ऐकत नाही.

मोटरच्या दोन टोकांमध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या डब्याला एकेक. स्पिंडलच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून, लिमिटच्या वायरींपासून दूर. लिमिटच्या पिनेवर ग्राउंडला आणखी एक १०० नॅनोफॅरड. यूएसबी केबल आखूड. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा; त्याने फरक पडला तर प्रश्न ग्राउंडचा आहे. मला कपॅसिटरनेच भागलं. $२१ शून्य करून लिमिट बंद करून टाकायचा सल्लाही मिळतो. त्याने अलार्म जातो, गोंगाट राहतो.

गोंगाटाने खोट्या स्टेप्सही पडू शकतात, पण त्या इवल्या असतात, कुठल्याही दिशेला असतात आणि स्पिंडल बंद असताना होत नाहीत. तोच प्रोग्रॅम स्पिंडल बंद ठेवून, कटर काढून हवेत चालवला की वेगळं कळतं.

आता काय राहिलंय

चाळीस भोकांचा तो जॉब नंतर तीनदा चालवला, २५ मिमीच्या उचलीने. पहिलं आणि चाळिसावं यांत व्हर्निअरला फरक दिसत नाही, गेजवर ०.०१, तो बहुधा पाटाचा.

वायला मात्र ०.०६ चा बॅकलॅश आहे, तो तसाच ठेवलाय. जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय नाही, आणि नटाची स्प्रिंग आणखी ताणली तर स्क्रू जड होतो, म्हणजे स्टेप चुकायची भीती वायला. शेवटचा हात एकाच दिशेने मारतो आणि मोजून बघतो. पितळी नट मागवलाय, तो बसवल्यावर वायची मार्करची रेघ नव्याने मारावी लागेल.